भेरूघाटाच्या पायऱ्या : उपग्रहाच्या उंचीनकाशावरून लाव्हाचे थर कसे आखायचे

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की सिमरोलपर्यंत जमीन ताटासारखी सपाट असते. मग भेरूघाट येतो आणि ती सपाटी एकदम संपते. ट्रकांच्या रांगेत अडकून पडलात तर वैतागू नका, खिडकीतून समोरच्या डोंगराच्या कुशीकडे बघा. कडा, मग थोडी सपाटी, तिच्यावर सागाची झाडं, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. नदीच्या घाटाला असतात तशा पायऱ्या, फक्त एकेक पायरी दहा-वीस माणसं उंच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले, त्यांचे हे थर. दख्खनच्या या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात, तो शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

या पायऱ्या घरबसल्या, फुकट मिळणाऱ्या उपग्रहाच्या माहितीवरून नकाशावर कशा आणायच्या, ते इथे सांगतो. मी भूशास्त्रज्ञ नाही, गणित शिकवायचो. त्यामुळे या लेखात आकडेमोड जरा जास्त आहे आणि खडकांची नावं कमी. संगणकावर क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर लागेल. आवृत्ती ३.२६ किंवा नंतरची घ्या, कारण उंचीचा छेद काढायची सोय तिच्यापासून आत आली. आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही चालतो.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. उपग्रहाला लाव्हा दिसत नाही. त्याला फक्त उंची दिसते. प्रवाहाचा मधला भाग घट्ट असतो, तो पावसापाण्याला दाद देत नाही आणि कडा बनून उभा राहतो. वरचा भाग छिद्राछिद्रांचा, महाराष्ट्रातले विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तसा असतो. तो झिजतो आणि तिथे सपाटी पडते. दोन प्रवाहांच्या मधे कधी कधी तांबड्या मातीचा भाजलेला थर सापडतो, त्याला गेरू म्हणतात. म्हणजे आपण आखणार ती झीज. तिच्यावरून थराचा अंदाज बांधायचा आणि तो घाटात जाऊन पडताळायचा. एक पायरी म्हणजे एक प्रवाह, असं समजून चाललात तर नकाशा देखणा होईल आणि चुकेल.

कोणती उंची घ्यायची

उंचीच्या चौकोनी जाळीला डीईएम म्हणतात. जाळीच्या प्रत्येक घरात एक आकडा असतो, त्या जागेची उंची. फुकट मिळणारे पर्याय पाच-सहा आहेत, कामाचे तीन.

सगळ्यांना माहीत असलेला एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांच्या सफरीत रडारने पृथ्वी मोजली. यानात एक अँटेना होता आणि ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरा. दोन डोळ्यांनी अंतर कळतं, तसं दोन अँटेनांनी उंची कळली. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण एवढा पट्टा यात आला. घराची बाजू ३० मीटर. वापरायला सोपा आहे, पण खडबडीत.

दुसरा आपला कार्टोडेम. ५ मे २००५ रोजी इस्रोने कार्टोसॅट-१ सोडला. त्यावर दोन कॅमेरे होते, एक २६ अंश पुढे झुकलेला आणि दुसरा ५ अंश मागे. एकाच जागेचे दोन कोनांतले फोटो, त्यावरून उंची. भुवन या संकेतस्थळावर नोंदणी केली की ३० मीटरची जाळी उतरवून घेता येते.

तिसरा कोपर्निकस ३० मीटर, आणि माझी शिफारस यालाच आहे. जर्मनीचे टेरासार-एक्स आणि टॅनडेम-एक्स हे जुळे उपग्रह एकमेकांच्या जवळून उडत राहिले, २०११ ते २०१५ या काळात त्यांनी मोजलेल्या उंचीवरून हा तयार झाला. दहापैकी नऊ ठिकाणी चूक चार मीटरच्या आत, असा त्याचा दावा आहे. एसआरटीएमचं ठरवलेलं लक्ष्य १६ मीटर होतं. प्रत्यक्षात तो त्यापेक्षा पुष्कळ बरा निघाला, तरी वीस मीटर उंचीची पायरी शोधताना हा फरक जाणवतो. ओपनटोपोग्राफी या संकेतस्थळावर नकाशावर चौकोन काढला की तेवढाच तुकडा मिळतो.

तुकड्याचं नाव त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावरून पडतं. आपल्याला २२ अंश उत्तर, ७५ अंश पूर्व हा तुकडा हवा. इंदूर, महू, मानपूर, मांडू, महेश्वर सगळं त्या एकाच चौकोनात बसतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या पद्धतीतला ४६ एन हा नकाशाही नेमका हाच चौकोन. घरात कुणाकडे जुनं टोपोशीट असेल तर ते बाहेर काढा, पुढे कामी येईल. बडवाह मात्र ७६ अंशांच्या पलीकडे पडतं, तिथपर्यंत जायचं असेल तर शेजारचा तुकडाही घ्या.

आता माझी फजिती ऐका. पहिल्या प्रयत्नात मी अर्धा भाग कार्टोडेमचा आणि अर्धा एसआरटीएमचा जोडला. जोडावर सरळ रेषेत ५० मीटरांहून उंच कडा उभा राहिला. मी दोन दिवस त्याला मोठा भूभंग, म्हणजे जमीन तुटून सरकलेली जागा, समजून खूश होतो. खरं कारण असं की कार्टोडेममधली उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते आणि एसआरटीएममधली समुद्रसपाटीपासून. आपल्या भागात या दोन पातळ्यांत पन्नास मीटरांहून जास्त अंतर आहे. कोपर्निकसची उंचीही समुद्रसपाटीचीच, फक्त समुद्रसपाटीचं गणिती रूप थोडं नवं. म्हणून एका कामाला एकच डीईएम. दुसरा घ्यायचा तर केवळ पडताळ्यासाठी, जोडण्यासाठी नाही.

जाळी सरळ करणं

उतरवलेली जाळी अक्षांश-रेखांशांत असते. तशीच वापरली तर आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये, आणि उताराचे आकडे वेड्यासारखे येतात. इंदूरच्या अक्षांशावर घरही चौरस नसतं, उत्तर-दक्षिण साधारण ३१ मीटर आणि पूर्व-पश्चिम साडेअठ्ठावीस. म्हणून रास्टर मेन्यूतून वार्प निवडा, ते जाळी दुसऱ्या नकाशापद्धतीत नेतं. प्रक्षेपण ईपीएसजी ३२६४३ द्या म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा, आणि घराची बाजू ३० मीटर ठेवा. खाली रीसॅम्पलिंगची, म्हणजे नव्या घरांत आकडे कसे भरायचे त्याची, पद्धत विचारली जाते. तिथे आपोआप ‘निअरेस्ट नेबर’ असतं. ते बदलून ‘क्युबिक’ किंवा ‘बायलिनिअर’ करा. हे विसरलात तर पुढे उजेड-सावलीच्या चित्रात कापडाच्या विणीसारख्या उभ्या-आडव्या रेघा दिसतील, आणि त्या सरळ रेघांना भेगा समजण्याचा मोह भल्याभल्यांना होतो.

मग कामापुरता भाग कापून घ्या. पहिल्या वेळी मानपूरपासून चोरलपर्यंतचा कड्याचा पट्टा पुरे, उत्तरेला पठाराचे पाच किलोमीटर आणि दक्षिणेला उताराचे दहा. सगळा माळवा एकदम घेऊ नका.

रडारच्या जाळीत बारीक खडखड असते. सपाट शेतही एक-दोन मीटर वरखाली दिसतं. साधी सरासरी काढली तर खडखड जाते, पण कड्याची धारही बोथट होते. क्यूजीआयएसला जोडता येणाऱ्या व्हाइटबॉक्स टूल्स या साधनसंचात धार राखून गुळगुळीत करणारं साधन आहे, ‘फीचर प्रिझर्व्हिंग स्मूदिंग’ नावाचं. ते एकदाच चालवा. दुसऱ्यांदा चालवायचा मोह झाला तर मूळ जाळी शेजारी उघडून बघा. मूळ जाळीत नसलेली पायरी गुळगुळीत जाळीत दिसत असेल, तर ती तुम्ही तयार केलेली आहे.

पायऱ्या दिसू लागतात

सगळ्यात आधी हिलशेड, म्हणजे जाळीवर खोटा उजेड टाकून काढलेलं उजेड-सावलीचं चित्र. उजेड वायव्येकडून, क्षितिजापासून ४५ अंशांवर, ही सेटिंग आपोआप येते. आपला कडा पूर्व-पश्चिम पसरलेला आणि दक्षिणेकडे तोंड केलेला आहे, त्यामुळे या उजेडात तो सगळा सावलीत जातो आणि पायऱ्या काळ्या पट्ट्यात बुडतात. पूर्वेकडून, पश्चिमेकडून आणि आग्नेयेकडून उजेड टाकून तीन चित्रं वेगळी काढा, किंवा ‘मल्टीडायरेक्शनल’ पर्याय वापरा. दक्षिणेकडून उजेड टाकला की दरीचा डोंगर आणि डोंगराची दरी दिसू लागते, तो डोळ्यांचा खेळ आहे. घाबरू नका, पण त्या चित्रावरून रेघा मारू नका.

मग उतार. इथे थोडं थांबू, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. क्यूजीआयएस एखाद्या घराचा उतार काढताना त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांतला फरक घेतं, म्हणजे ६० मीटरवरचा. समजा १० मीटर उंचीचा सरळ तुटलेला कडा आहे, खरा उतार ९० अंश. जाळीत तो ६० मीटरला १० मीटर म्हणून दिसेल, म्हणजे साडेनऊ अंश. २० मीटरचा कडा साडेअठरा अंशांचा दिसेल. म्हणून ‘कडा म्हणजे ४५ अंशांच्या वर’ अशी पुस्तकी अट घातली तर भेरूघाटात एकही कडा सापडणार नाही. मी सपाटीसाठी ४ अंशांच्या खाली आणि कड्यासाठी १२ अंशांच्या वर अशी विभागणी करतो, मधलं राखाडी सोडतो. पायरी निदान तीन घरं रुंद, म्हणजे ९० मीटर असेल तरच तिच्यावर विश्वास ठेवायचा.

याच गणिताची दुसरी बाजू अशी की एक-दोन मीटर जाडीच्या, जिभांसारख्या पसरलेल्या लाव्हाच्या पदरांबद्दल ही जाळी काहीच सांगू शकत नाही. असे पन्नास पदर मिळून एक पायरी दिसेल. उलट एकाच जाड प्रवाहात घट्ट भाग आणि छिद्री भाग यांच्या दोन पायऱ्या पडलेल्या असू शकतात. म्हणून नकाशावर ‘प्रवाह क्रमांक ३’ असं लिहू नका, ‘पायरी क्रमांक ३’ लिहा. प्रवाह हे नाव घाटात खडक बघितल्यावर द्यायचं.

आता माझी आवडती पायरी, अर्थात कामाची. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे जाळीच्या घरांवर आकडेमोड करणाऱ्या साधनात, उतार ४ अंशांपेक्षा कमी असलेली घरंच ठेवा, बाकीची रिकामी करा. उरलेल्या घरांच्या उंचीचा पाच-पाच मीटरच्या गटांनी स्तंभालेख काढा. थर जवळजवळ आडवे असतील तर काही ठरावीक उंचींवर उंचवटे दिसतील, कारण डोंगराच्या एका बाजूची सपाटी दुसऱ्या बाजूलाही त्याच उंचीवर असते. फक्त दोन उंचवटे आधीच बाजूला काढा. वरचा मोठा उंचवटा म्हणजे माळव्याचं पठार, तो एवढा दांडगा येतो की बाकीचे त्याच्यापुढे दिसतच नाहीत. खालचा म्हणजे नर्मदेकडच्या गाळाची सपाटी, तिचा लाव्हाशी संबंध नाही. म्हणूनच कड्याचा पट्टा तेवढा कापून घ्यायला सांगितलं होतं.

हा आलेख पहिल्यांदा काढला तेव्हा माझ्या भाच्याने खांद्यावरून बघून विचारलं, “मामा, हे निकालाच्या मार्कांसारखं काय काढलंयस?” खरंच तसंच आहे. पस्तीस मार्कांवर जशी गर्दी दिसते, तशी या उंचींवर जमिनीची गर्दी.

छेद आणि रेघ

क्यूजीआयएसच्या व्ह्यू मेन्यूत ‘एलिव्हेशन प्रोफाइल’ आहे. कड्याला काटकोनात, एकमेकांपासून एक-दोन किलोमीटरवर दहा छेद काढा. उभं माप आडव्याच्या पाचपट ताणा, त्याहून जास्त नको, नाहीतर प्रत्येक शेताचा बांध हिमालय होतो. छेद दरीच्या तळातून न नेता डोंगराच्या सोंडेवरून न्या. दरीत दगडगोटे आणि माती साचलेली असते, सोंडेवर खडक उघडा असतो.

प्रत्येक छेदावर प्रत्येक पायरीच्या दोन जागा दिसतील. एक ओठ, जिथे सपाटी संपून खाली कडा सुरू होतो. दुसरी मूळ, जिथे सपाटी संपून वरचा कडा सुरू होतो. दोन प्रवाहांची सीमा यांपैकी कुठे? नवशिके ओठावर रेघ मारतात, कारण तो ठळक असतो. पण ओठ म्हणजे खालच्या प्रवाहाच्या घट्ट भागाचा माथा. त्याच्यावरचा छिद्री भाग आणि गेरू झिजून सपाटी झाली, आणि वरचा प्रवाह सुरू होतो तो मुळापाशी. म्हणून रेघ मुळावर मारायची. एक अडचण आहे, कड्यावरून पडलेले दगड मुळाशी ढीग करून बसतात आणि खरी सीमा झाकतात, त्यामुळे आपली रेघ बऱ्याचदा काही मीटर वर जाते. ही चूक एकाच दिशेची असते हे ध्यानात ठेवलं म्हणजे घाटात गेल्यावर कुठे शोधायचं ते कळतं. आपल्या रेघेच्या जरा खाली.

मुळांच्या जागा बिंदू म्हणून नोंदवा. प्रत्येक बिंदूला उंची, छेदाचा क्रमांक आणि पायरीचा क्रमांक द्या. वीस-तीस बिंदू झाले की शेजारच्या छेदांवरच्या पायऱ्या उंचीवरून जुळवा. एखाद्या दरीच्या अलीकडे ओळीने सगळ्या पायऱ्या जुळतात आणि पलीकडे सगळ्याच सारख्या अंतराने खाली सरकलेल्या दिसतात, असं झालं तर तिथे भूभंग असण्याची शक्यता आहे. नर्मदेच्या या पट्ट्यात तसे भंग आहेतच. एकच पायरी सरकली असेल तर मात्र तुमचीच जुळणी चुकली असेल.

थर किती कललेला आहे

दख्खनचे थर डोळ्यांना आडवे दिसतात, पण बहुतेक ठिकाणी ते अगदी थोडे, अंशाहून कमी, कललेले असतात. कल काढला तर एका डोंगरावर सापडलेली सीमा पुढच्या डोंगरावर कुठे येईल हे आधी सांगता येतं.

समजा एकाच सीमेचा पहिला बिंदू ५६० मीटरवर आहे. तिथून १० किलोमीटर पूर्वेला तीच सीमा ५५२ वर, आणि १० किलोमीटर दक्षिणेला ५४८ वर. म्हणजे पूर्वेकडे दर किलोमीटरला ०.८ मीटर आणि दक्षिणेकडे १.२ मीटर उतरण. दोन्हींच्या वर्गांची बेरीज २.०८, तिचं वर्गमूळ १.४४. थर किलोमीटरला १.४४ मीटर उतरतो, कल ०.०८ अंश, दिशा दक्षिणेपासून ३४ अंश पूर्वेकडे. हे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेत, भेरूघाटाचे नाहीत.

आता चुकीचा हिशोब. प्रत्येक बिंदूत चार मीटरची चूक धरली तर दोन बिंदूंत वाईटात वाईट आठ मीटर. बिंदू अर्धा किलोमीटर दूर असतील तर कलातली चूक ०.९ अंश होते, म्हणजे कलाच्या दहापट. दहा किलोमीटर दूर असतील तर ०.०५ अंश. म्हणून बिंदू लांब लांब घ्या, आणि तीनवर थांबू नका. तीन बिंदूंतून प्रतल, म्हणजे सपाट पृष्ठभाग, नेहमीच जातं, अगदी तिन्ही चुकीचे असले तरी. वीस बिंदूंतून जाणारं प्रतल मात्र किती नीट बसलं ते सांगतं. एक्सेलमध्ये उंचीची पूर्व आणि उत्तर अंतराशी सरळ रेषेची जुळणी करा. उरलेला फरक तीन-चार मीटरच्या आत असेल तर छान. एखादा बिंदू पंधरा मीटर बाहेर असेल तर तो पुसू नका, आधी तिथला छेद पुन्हा बघा.

प्रतल मिळालं की क्यूजीआयएसमधल्या ग्रास या साधनसंचातल्या ‘आर.प्लेन’ला कल, दिशा आणि एक बिंदू द्या, ते त्या प्रतलाची जाळी बनवतं. बाकीच्या दोन-तीन बिंदूंवर उंची बरोबर येते का ते लगेच तपासा, दिशा उलटी दिली जाणं फार सोपं आहे. मग रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये डीईएममधून प्रतल वजा करा आणि शून्याची समोच्च रेषा काढा. त्या सीमेने जिथे जिथे जमिनीबाहेर डोकवावं, ती सगळी जागा एका रेषेत मिळते. ज्या दऱ्यांत तुम्ही एकही छेद काढला नव्हता तिथेही ही रेषा एखाद्या सपाटीच्या मुळाशी नेमकी बसते, तेव्हा जीव हरखतो. बसत नाही तेव्हा काम सुरू होतं.

फसवणाऱ्या सपाट्या

जाळीतली उंची जमिनीची नसून वरच्या पृष्ठभागाची असते. इंदूर शहरात तर घरांचीच उंची येते, तिथे थर शोधायला जाऊ नका. चोरलच्या जंगलात सागाचा शेंडा मोजला जातो, त्यामुळे जंगलाची कड म्हणजे पाच-दहा मीटरची खोटी पायरी. घरं आणि झाडं वजा केलेली फॅबडेम नावाची जाळी मिळते, ती पडताळ्याला ठेवा. धरणांचं पाणी कोपर्निकसमध्ये मुद्दाम सपाट केलेलं असतं, त्यामुळे चोरल धरण किंवा यशवंत सागर स्तंभालेखात टोकदार सुळका उभा करतात. खाणी, रस्त्याचे भराव आणि पाताळपाणी-कालाकुंडची रेल्वेलाइन हेही आलंच. डोंगराच्या कुशीतून लांबवर जाणारी अगदी एकसारखी अरुंद सपाटी दिसली तर आधी उपग्रहाचा फोटो उघडा. लाव्हाचा थर इतका शिस्तीत वागत नाही.

नदीकाठच्या सपाट्यांची खूण वेगळी. त्या नदीच्या वाहण्याच्या दिशेने उतरत जातात आणि नदी सोडून वर डोंगरात जात नाहीत. लाव्हाच्या पायऱ्या नदीला जुमानत नाहीत.

भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे भूकोश या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. त्यात माळव्याचे थर मंडलेश्वर, कालीसिंध, इंदूर अशा नावांच्या गटांत विभागलेले दिसतील. मी ते नकाशे आपल्या रेघा मारून झाल्यावरच उघडतो. आधी उघडले तर डोळे त्यांचंच ऐकतात.

घाटात

कागदावरची रेघ घेऊन भेरूघाटात उतरा, गाडी सुरक्षित जागी लावून. रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीत खडक ताजा दिसतो. खालून वर जाताना शोधायचं ते असं : घट्ट काळा दगड, त्यात कधी उभ्या खांबांसारख्या भेगा. वर वर जाताना छिद्रं वाढत जातात, त्यांत पांढरं झिओलाइट हे खनिज किंवा गारगोटी भरलेली. मग, नशीब असेल तर, विटकरी रंगाचा गेरू, वीतभर किंवा हातभर. त्याच्यावर पुढचा घट्ट दगड, ज्याच्या तळाशी बोरूसारख्या बारीक उभ्या नळ्या दिसू शकतात. हे चारही एकाखाली एक सापडले तर सीमा पक्की. नुसता गेरू सापडला तरी चालेल. नुसती छिद्रं सापडली तर वहीत प्रश्नचिन्ह.

उंची मोजायला फोनचा जीपीएस एकटा पुरत नाही. उभ्या दिशेत तो सहज दहा-पंधरा मीटर चुकतो, आणि काही ॲप लंबगोलावरची उंची दाखवतात, म्हणजे पुन्हा तोच पन्नास मीटरांचा घोळ. फोनमध्ये वायुदाबमापक असेल तर तो वापरा. आपल्या उंचीवर दाब एक हेक्टोपास्कल घटला की साधारण नऊ मीटर चढलात. सुरुवातीला माहीत असलेल्या उंचीवर तो लावून घ्यावा लागतो. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, त्याहून सोयीची खूण शोधून सापडणार नाही. दोन-तीन तासांनी त्याच जागी परतून पुन्हा आकडा घ्या, कारण हवा बदलली की दाबही बदलतो.

झरे विसरू नका. गेरू चिकणमातीसारखा असतो, पाणी त्याच्याखाली सहज उतरत नाही. सिमरोलजवळ एका म्हाताऱ्या विहीरवाल्याने मला एका वाक्यात सांगितलं होतं, “लाल मिट्टी के ऊपर पानी है, नीचे सूखा पत्थर।” पावसाळा संपताना कड्याच्या मुळाशी ओळीने झिरे पाझरताना दिसतात, आणि ती ओळ बऱ्याचदा प्रवाहाची सीमा असते. म्हणून दोनदा जायचं. एकदा मार्चमध्ये, सागाची पानं गळलेली असताना खडक बघायला. दुसऱ्यांदा सप्टेंबरच्या शेवटी, झिरे टिपायला. भर पावसाळ्यात पाताळपाणी धबधब्याच्या कुंडाजवळ उतरू नका. जुलै २०११ मध्ये तिथे वरून अचानक लोंढा आला आणि माणसं वाहून गेली. खाली पाऊस नसतानाही असा लोंढा कधीही येऊ शकतो.

परत आल्यावर रेघांचे तीन प्रकार करा. खडक स्वतः पाहिला तिथे अखंड रेघ. जाळीवरून आणि प्रतलावरून काढली तिथे तुटक. काळ्या मातीखाली किंवा गावाखाली गेलेली तिथे टिंबांची. माझ्या पहिल्या नकाशात सगळ्याच रेघा अखंड होत्या. आताच्या नकाशात अखंड रेघ फार थोडी, आणि तीही बहुतेक रस्त्याच्या कडेची.

ताजा लाव्हा आखायचा असेल तर

जिवंत ज्वालामुखीचं काम याहून सोपं आहे, कारण तिथे आधीची आणि नंतरची अशा दोन उंच्या असतात. नंतरच्या जाळीतून आधीची वजा करायची, जिथे जमीन उंचावली तिथे लाव्हा. आइसलंडच्या होलुह्रॉनमध्ये ऑगस्ट २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात सुमारे ८४ चौरस किलोमीटरवर लाव्हा पसरला. अशा ठिकाणी दोन्ही जाळ्या आधी नीट एकावर एक बसवायच्या. लाव्हा पोचलाच नाही अशा खडकावर फरक शून्याच्या आसपास यायला हवा. तिथे सरासरी दोन मीटर येत असेल तर ते दोन मीटर सगळीकडून वजा करा. उरलेल्या प्रत्येक घराचा फरक गुणिले ९०० चौरस मीटर, त्यांची बेरीज म्हणजे घनफळ. मोठ्या क्षेत्रावर एका मीटरची राहून गेलेली चूकही थोडी नसते, ८४ चौरस किलोमीटरला ती ८ कोटी ४० लाख घनमीटर होते.

भारतात ही पद्धत वापरण्यासारखा जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. तिथे घाटात उतरून पडताळा घ्यायची सोय नाही. भेरूघाटात आहे, आणि परतीच्या वाटेवर चहाही मिळतो.